कुंडीतल्या टोमॅटोची पानं का वळतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बागकामाच्या सदरात पानं वळली की औषध फवारा एवढंच छापून येतं, ते वाचून मी पण फवारत बसलो आणि दोन झाडं घालवली, म्हणून हे पत्र. आधी बघा वळलंय कुठलं पान. खालची जुनी पानं वर वळून जाडसर, चामड्यासारखी झालीत पण शेंडा हिरवागार वाढतोय, तर तो रोग नाहीच, ऊन जास्त किंवा पाणी कधी भरपूर कधी नाही असं झालं की होतं, फळं लागतात तरी. पण शेंड्याची नवी पानं बारीक, कडा पिवळ्या, वाटीसारखी वर वळलेली आणि झाड खुजंच राहिलं, तर पान उलटं करून पांढरी माशी शोधा, ती लीफ कर्ल व्हायरस पसरवते आणि त्यावर औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचं (जीवावर येतं, माहितीये).

तिसरं कारण कुणी सांगतच नाही. शेणखतात तणनाशकाचा अंश राहिला असेल तर नवी पानं नेच्यासारखी पिळवटतात. त्याच मातीत चार घेवड्याचे दाणे पेरून बघा, तीही पानं वेडीवाकडी आली की दोष खतातच.

आणि वाढ खुंटली तर कुंडी पण बघा हो, 5 लिटरच्या डब्यात मोठं झाड कसं होणार, 20 लिटर तरी पाहिजे.

आपला,
एक वाचक