जुन्या लॅपटॉपच्या बिलावर एसएसडीच्या जागेची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंपन्यांनी काही वर्षे वापरून बदललेले बिझनेस लॅपटॉप पुणे-मुंबईच्या बाजारात सेकंडहँड म्हणून येतात आणि विद्यार्थी, लहान व्यावसायिक ते मोठ्या आशेने विकत घेतात. यांतल्या अनेक लॅपटॉपमध्ये मूळ एसएसडी (फाइल्स साठवणारी वेगवान डिस्क) तशीच ठेवून दुसरी बसवण्याची सोय असते, हे मात्र विकणारा सहसा सांगत नाही. आणि ज्याला ते कळते, तो बऱ्याचदा चुकीची एसएसडी घेऊन बसतो. लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात हे मी वारंवार पाहतो, म्हणून हे पत्र.

लेनोवोच्या थिंकपॅड मालिकेतल्या अनेक मॉडेलमध्ये ही जागा म्हणजे सिमकार्डावरून इंटरनेट देणाऱ्या कार्डाचा स्लॉट. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते कार्ड नसतेच, त्यामुळे स्लॉट रिकामा असतो. तिथे फक्त ४२ मिलिमीटर लांबीची एम.२ (पातळ पट्टीच्या आकाराची) एसएसडी मावते, बाजारात सर्रास मिळणारी ८० मिलिमीटरची नव्हे. खरी फसगत मात्र पुढेच होते. टी ४५० या मॉडेलमध्ये हा स्लॉट साटा (जोडणीची जुनी, कमी वेगाची पद्धत) एसएसडी ओळखतो, तर २०१८ च्या टी ४८० मध्ये एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) लागते आणि तीही जोडणीच्या कडेला दोन खाचांची, कारण एकाच खाचेची त्या स्लॉटमध्ये शिरतच नाही. दोन खाचांची साटा आणि दोन खाचांची एनव्हीएमई यांत नुसत्या नजरेने फरक कळत नाही. दोन्ही नीट बसतात, स्क्रूही लागतो, पण चुकीची असेल तर लॅपटॉपला ती दिसतच नाही. त्याहून जुन्या एक्स २३० मध्ये तर एम.२ नाहीच, तिथे एमसाटा, म्हणजे एम.२ च्या आधीच्या वेगळ्या आकाराची एसएसडी लागते. दुकानात मात्र ‘एम.२ म्हणजे एम.२’ एवढ्यावर व्यवहार होतो आणि पाकीट एकदा फोडले, की माल परत घेतला जात नाही.

योग्य एसएसडी हातात असेल तर काम अवघड नाही. टी ४८० मध्ये आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन आतली बॅटरी बंद करायची, मग मागची बॅटरी काढायची आणि तळाचे सहा स्क्रू सैल करायचे. ते झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे हरवण्याची भीती नाही. एसएसडी तिरकी सरकवून खाली दाबायची आणि स्क्रूने पक्की करायची. या स्लॉटला पीसीआयईच्या (एनव्हीएमई ज्या मार्गाने डेटा नेते त्याच्या) दोनच लेन असल्याने चार लेनइतका वेग मिळत नाही, तरीही साटाच्या तुलनेत ती बरीच वेगवान चालते. एका एसएसडीवर विंडोज आणि दुसरीवर लिनक्स ठेवायचे असेल किंवा प्रकल्पाच्या फाइल्स वेगळ्या ठेवायच्या असतील, तर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. अर्थात लॅपटॉप चोरीला गेला तर दोन्ही एकदमच जातात, म्हणून महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत बाहेर हवीच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले. थिंकपॅडच्या दुरुस्तीची पुस्तिकाही कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. असे असताना सेकंडहँड लॅपटॉप विकणाऱ्यांनी बिलावर मॉडेल, रिकाम्या स्लॉटची लांबी आणि त्यात साटा चालते की एनव्हीएमई, एवढे एका ओळीत लिहून द्यायला काहीच हरकत नाही. एसएसडी विकणाऱ्यांनीही ग्राहकाकडून मॉडेल विचारून घ्यावे आणि त्यांनी सुचवलेला माल त्या मॉडेलला चालला नाही, तर पाकीट फोडलेले असले तरी तो बदलून द्यावा. महाविद्यालये जुने लॅपटॉप एकगठ्ठा घेतात, तेव्हा खरेदीच्या अटींतच ही नोंद मागणे त्यांना सहज शक्य आहे.

आपला विश्वासू,
लॅपटॉप दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे