दाढ काढल्यावरची चिठ्ठी मराठीत द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तासगावात माझी पिठाची गिरणी आहे. आषाढीचा उपास सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खालची डावी दाढ काढून घेतली. काढताना काही त्रास झाला नाही, डॉक्टरांचा हात हलका आहे. त्रास झाला तो नंतर, आणि त्यात निम्मी चूक माझीच होती. उरलेल्या निम्म्याबद्दल हे पत्र.

निघताना डॉक्टरांनी काय करायचं, काय नाही, ते सांगितलं. पण एक तर भुलीनं अर्धं तोंड बधिर, दाताखाली बोळा, आणि तीस वर्षं गिरणीच्या आवाजात काढल्यानं माझे कान अधू. 'मिठाच्या पाण्याच्या गुळण्या' एवढंच कानात शिरलं. 'उद्यापासून' हा शब्द राहून गेला. हातात एक छापील चिठ्ठी दिली होती, ती सगळी इंग्रजीत. मागच्या बाजूला टूथपेस्टची जाहिरात. खिशात घातली ती तिथंच राहिली.

संध्याकाळी घरी कढत पाण्यात मीठ टाकून खळखळून चुळा भरल्या. बायकोही म्हणाली, चांगल्या जोरात भरा, घाण निघून जाईल. रात्री तंबाखूची तल्लफ आली. विडा उजव्या गालात धरला, म्हणजे डावीकडच्या जखमेला लागायचा नाही, असा माझा हिशेब! वर दर पाच मिनिटांनी पिंक.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री कळ सुरू झाली ती थेट कानात आणि कानशिलात. तोंडाला घाण वास यायला लागला. गिरणीवर जो येईल तो म्हणे, दाढ काढलीय म्हटल्यावर दुखणारच की. मलाही ते पटलं. मेडिकलमधून गोळ्या आणून, लवंगेच्या तेलाचा बोळा धरून आणखी तीन दिवस काढले. शेवटी कॉलेजात जाणाऱ्या नातवानं शर्ट धुवायला टाकताना ती चिठ्ठी वाचली आणि हसायलाच लागला. चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये, तंबाखू खाऊ नये. मी केलेली एकूण एक गोष्ट त्यात 'करू नये' म्हणून छापलेली.

डॉक्टर म्हणाले, दाढेच्या खड्ड्यात जी रक्ताची गाठ धरते तीच जखमेची खपली. ती निघून गेली की आतलं हाड उघडं पडतं. त्याला ते ड्राय सॉकेट म्हणतात. खड्डा धुऊन त्यांनी आत औषधाची पट्टी भरली, तिलाही लवंगेचाच वास. तासाभरात कळ निम्म्यावर आली. तीन दिवस मी उगाच सोसलं!

पुढं तीन आठवड्यांनी हिरडीतून काहीतरी टोकदार जिभेला लागायला लागलं. वाटलं, मूळ आत राहिलं. ती हाडाची बारीक कपची निघाली. चिमट्यानं उपटली, संपलं. वरची हिरडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, पण आतलं हाड भरायला काही महिने लागतात, हेही तेव्हाच कळलं. आज गणपतीतही त्या बाजूनं मोदक चावला की हिरडी हुळहुळते, पण आता त्याची भीती वाटत नाही.

भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्याकडे ज्वारी दळायला येणाऱ्या एक मावशी आहेत. मिश्री लावायची जुनी सवय. त्यांची दाढ काढलेली जागा दोन महिने झाले तरी मिटली नाही. त्याही सगळ्यांना सांगायच्या, दाढ काढलीय, दुखायचंच. सुनेनं जबरदस्तीनं नेलं, तेव्हा डॉक्टरांनी तिथला तुकडा, कॅन्सर तर नाही ना ते तपासायला, मिरजेला पाठवला. रिपोर्ट यायचा आहे.

म्हणून दातांच्या डॉक्टरांना विनंती, की ही चिठ्ठी मराठीत आणि ठळक अक्षरात छापा. आज चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉनं काही ओढून पिऊ नका. गुळण्या उद्यापासून, त्याही कोमट पाण्याच्या आणि हलक्या. तंबाखू, मिश्री, विडी बंद. आणि जे माझ्या इंग्रजी चिठ्ठीतही नव्हतं ते सगळ्यात वर छापा: दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं तर लगेच या, महिना उलटून जागा मिटली नाही तरी या. टूथपेस्टची जाहिरात राहू दे मागं, आमची हरकत नाही.

माझी वरची एक दाढ दसऱ्यानंतर काढायची ठरली आहे. डॉक्टर म्हणाले, मजकूर तुम्हीच लिहून आणा, मी छापतो. नातवाला बसवून लिहून घेतोय.

आपला,
एक गिरणीवाला, तासगाव (जि. सांगली)