पिल्लांच्या आधी ऊब पोहोचावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परसातील कुक्कुटपालनासाठी पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून ५० टक्के अनुदानावर १०० एकदिवसीय पिल्लांचा गट दिला जातो. कोरडवाहू घरांतील बायकांच्या हाती त्यातून चार पैसे येतात, त्यामुळे योजनेविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या सर्वांच्या एका सवयीविषयी. पिल्ले घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात जी मरतात, त्यांच्यावर ‘रोग आला’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. वास्तविक त्यांतल्या पुष्कळांचे मरण पहिल्याच रात्री थंडीने ठरवून टाकलेले असते.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन पौषात आम्ही १०० पिल्ले आणली. ती संध्याकाळी पोहोचली आणि आमची धावपळ त्यानंतर सुरू झाली. शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात पोती अंथरली, वर एक बल्ब टांगला आणि आम्ही जेवायला गावात परतलो. रात्री वीज गेली. सकाळी पाहिले तर उबेसाठी एकमेकांवर चढलेल्या पिल्लांचा कोपऱ्यात ढीग झाला होता आणि खालची २२ गुदमरून गेली होती. पुढच्या आठवड्यात आणखी १९ गेली. पिल्ले देणाऱ्याने तेव्हा फोनवर एका औषधाचे नाव सांगितले आणि आम्हीही ते मुकाट्याने आणून पाजले.

नंतर जाणकारांकडून कळले ते असे, की अंड्यातील बलकाचा उरलेला भाग पोटात घेऊनच पिल्लू जन्मते, आणि त्याच शिदोरीवर ते दोन-तीन दिवस निभावू शकते. म्हणून तर खोक्यात भरून त्याला दूरवर पाठवता येते. परंतु थंडी लागली की हा बलक नीट जिरत नाही, तो पोटात नासतो, पिल्लू खाणेपिणे सोडते, त्याची विष्ठा मागे चिकटून राहते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते मान टाकते. पहिली रात्र तोवर आपण विसरलेलो असतो, म्हणून दोष रोगाच्या माथी जातो.

माझ्या सासूबाईंना यातले काहीच करावे लागत नसे. त्यांच्याकडे खुडूक कोंबडी होती. एकवीस दिवस अंड्यांवर बसून ती पिल्ले काढी, रात्री त्यांना पोटाखाली घेई आणि सासूबाई त्या सगळ्यांवर डालगे पालथे घालीत. अंगावर पिसे येईपर्यंत पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, ती त्याला आईकडून घ्यावी लागते. योजनेतून मिळणाऱ्या पिल्लांना आई नसते. ब्रूडर हे आईच्या पंखाच्या जागी, पिल्लांना ऊब देण्यासाठी आपण उभे केलेले साधन आहे, एवढे ध्यानात ठेवले तर त्याची मांडणी कोणालाही सुचेल.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रूडर गोल असावा, कारण कोपरा असला की पिल्ले त्यात दाटतात. दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा वळवून चार फूट व्यासाचे रिंगण केले, की १०० पिल्लांना सुरुवातीचे तीन-चार दिवस ते पुरते; मग रोज थोडे मोठे करीत जावे आणि आठ-दहा दिवसांनी काढून टाकावे. उबेचा हिशेब पिल्लामागे एक ते दोन वॅट असा धरतात. हिवाळ्यात शंभर पिल्लांना शंभर वॅटचे दोन बल्ब लावावेत, एकच दोनशेचा लावू नये, कारण एक उडाला तर दुसरा रात्र काढतो. बारा तासांना त्यासाठी अडीच युनिटांहून कमी वीज लागते. (सध्या बाजारात सगळीकडे एलईडी दिवे दिसतात, ते उजेड देतात, ऊब नाही, म्हणून जुना पिवळा बल्बच शोधून आणावा लागतो.) बल्ब वायरीच्या भरवशावर टांगू नये, त्याला साखळी किंवा तार बांधावी, कारण तो खालच्या भुशात पडला तर शेड पेटते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी उतरवावे. थर्मामीटर अवश्य असावा; मात्र तो छातीच्या उंचीवर खांबाला अडकवून काही उपयोग नाही. त्याहून खरी साक्ष पिल्लेच देतात. बल्बखाली गोळा होऊन केविलवाणी चिवचिव करीत असतील तर ऊब कमी आहे. बल्बपासून दूर पळून, पंख सोडून, चोच उघडून धापा टाकीत असतील तर ती जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे. आणि रिंगणभर विखरून कोणी खात, कोणी पेंगत असेल, तर घरधन्याने खुशाल झोपावे.

उबेइतकाच कोरडेपणा महत्त्वाचा. खाली दोन इंच भाताचे तूस घालतात. आमच्याकडे ते सहज मिळत नाही, तेव्हा लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची बारीक केलेली टरफले चालतात. पिल्लांनी भुसाच खाऊ नये म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद अंथरतात, आणि आपल्या वृत्तपत्राची रद्दी त्या कामी आमच्याकडेही आली, हे संपादक महोदयांनी रागावून न घेता वाचावे. मात्र गुळगुळीत कागदावर पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून कागद थोडा चुरगाळून घालावा, रोज बदलावा आणि चौथ्या दिवशी काढून टाकावा. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्लू त्यातच बुडते. भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज उचलावा, कारण रक्ती हगवणीचे मूळ त्या ओलीत असते. आत वाकल्यावर ओल्या भुशाच्या उग्र वासाने आपल्या डोळ्यांना झोंबू लागले, तर पिल्लांना ते केव्हाचे झोंबते आहे, असे समजावे.

आता आमच्या मुलखाची अडचण. हिवाळ्यात परभणीचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ब्रूडर आणि बाहेरची हवा यांत पंचवीस अंशांचा फरक राखावा लागतो. उलट वैशाखात भर दुपारी पत्र्याखाली चाळिशी ओलांडलेली असते आणि पेटता बल्बच पिल्लांचा जीव घेतो. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते, म्हणून पहिले तीन आठवडे ब्रूडर शेतावर न मांडता गावातल्या राहत्या घराजवळ, रात्री दोनदा उठून पाहता येईल अशा जागी मांडावा. वीज गेल्यास गरम पाण्याने भरलेले कॅन गोणपाटात गुंडाळून रिंगणात ठेवले, की दोन-तीन तास निघतात. कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या बंद करण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये. त्या धुराने पिल्लेच काय, राखणीला झोपलेला माणूसही जातो. पडदे लावताना वरची एक वीत मोकळीच ठेवावी.

माझे म्हणणे इतकेच, की पिल्ले हाती देण्यापूर्वी ब्रूडर तयार आहे की नाही हे कोणीतरी पाहावे. प्रत्यक्ष येऊन पाहणे जमत नसेल, तर एक दिवस आधी पेटवून तापवलेल्या ब्रूडरचा, आत थर्मामीटर दिसेल असा फोटो मोबाइलवर मागवावा आणि तो आल्याखेरीज पिल्ले देऊ नयेत. शंभर पिल्लांमागे एक थर्मामीटर दिल्याने योजनेचा खर्च फारसा वाढणार नाही. वाटप सकाळी व्हावे, म्हणजे पिल्लांना पाण्याची आणि दाण्याची ओळख उजेडात होईल. आणि पौष-माघात ज्यांच्याकडे विजेचा भरवसा नाही, त्यांना फाल्गुनापर्यंत थांबण्याची मुभा असावी. छत्रपती संभाजीनगरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी वाटपाच्या ठिकाणी एक ब्रूडर मांडून दाखवला, तर अर्ध्या तासात बायकांना तो कळेल. छापील माहितीपत्रक आम्हालाही मिळाले होते. ते पिल्लांच्या खोक्यात, पिल्लांच्या खाली, भिजलेले सापडले.

यंदा आमच्या घरी पिल्ले सोमवारी यायची आहेत. बल्ब रविवारी सकाळी लागतील.

आपली,
एक वाचक
ता. जिंतूर, जि. परभणी