चाळीस टक्के

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

काल रात्री "पोस्ट-डॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या करारावरच्या संशोधनाची, दोन वर्षे संपल्यावर पुढे काय?" असे मी तिसऱ्यांदा विचारले आणि तू फोन ठेवलास. तो प्रश्न या पत्रात काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तू टेबलावर ठेवून गेलेली प्रश्नावली आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून भरली. घरकामातील स्वतःच्या वाट्याच्या रकान्यात मी पुष्कळ विचार करून ४० टक्के लिहिले, तुझ्या आईने ८५. नवरा-बायकोंच्या अशा उत्तरांची बेरीज शंभरापुढे जाते, कारण आपण केलेले आपल्याला चटकन आठवते, हे रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवल्याचे तुझ्या प्रबंधात वाचले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण आई म्हणाली, "औषध संपत आलंय हे लक्षात ठेवणं कुठल्या रकान्यात धरलंत?" गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, ठरवणे आणि झाले की नाही ते पाहणे हेही घरकामच, अशी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये केलेली मांडणी तू समजावत होतीस तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी ४० खोडून २५ केले आहेत. संशोधनात असे चालत नसेल, तर पहिला आकडाही वाचता येईल असाच खोडला आहे.

इतरांच्या घरातले सुख-समाधान मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नसावी, हे मला पटत नाही. कायम जागेची जाहिरात दिसली की त्याच दिवशी अर्ज कर, शोधनिबंध परत आला तर रुसून बसू नकोस, मार्गदर्शकांशी... असो. पुन्हा तिथेच आलो, क्षमा कर.

सात वर्षांची असताना जेवणानंतर ताटे कोण उचलते, याच्या रेघा तू दिनदर्शिकेच्या पाठीमागे ओढत होतीस. महिनाअखेर आईच्या नावापुढे जागा उरली नव्हती आणि माझ्या नावापुढे दोन रेघा होत्या. त्यातली एक मी तुला सांगून ओढून घेतली होती. लोक तुझे विषय विचारतात तेव्हा मी ही गोष्ट सांगतो, त्या एका रेघेचे तेवढे वगळून.

दोन्ही प्रश्नावल्या सोबत पाठवत आहे. करार संपण्याची तारीख मात्र एकदा कळव. दिनदर्शिकेवर खूण वगैरे करणार नाही, नुसती माहीत असावी.

तुझे,
बाबा