शहर वाढते ते शिल्लक धान्यावर आणि पाण्यावर

महोदय,

व्हिडिओ गेमविषयी आपल्या पुरवणीत जे छापून येते, ते बहुधा मुलांचे व्यसन, डोळ्यांवरचा ताण आणि पडद्यावरची हाणामारी यांभोवतीच फिरते. ही काळजी रास्तच आहे. परंतु आळीपाळीने चाल करण्याच्या ज्या खेळांत लढाईपेक्षा धान्याचा हिशेब अधिक वेळ घेतो, त्यांचीही दखल घेतली जावी, यासाठी हे पत्र.

१९९१ साली सुरू झालेल्या, एखादे राष्ट्र निवडून त्याची शहरे वसवण्याच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळमालिकेचा २०१६ मध्ये आलेला सहावा भाग पाहा. त्यात शहरातला प्रत्येक नागरिक दर पाळीला दोन एकक अन्न खातो. गवताळ जमिनीचा तुकडा मुळात दोनच एकक पिकवतो. म्हणजे तेथे राबणारा माणूस आपले पोट भरतो, पण कोठारात काही टाकत नाही. त्याच तुकड्यावर शेत केले, की एक एकक उरते. विद्यापीठात माणूस बसवायचा, तर त्याचे दोन एकक दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातून यावे लागतात. एका नागरिकाचे दोन व्हायला १५ एकक शिल्लक पडावी लागते, दोनाचे तीन व्हायला २४, आणि हा आकडा पुढे चढतच जातो.

नवे खेळाडू येथे फसतात. ते शेतांमागून शेते करतात, धान्य भरपूर उरते, तरीही शहर जागचे हलत नाही. कारण अडसर अन्नाचा नसून निवाऱ्याचा असतो आणि निवारा मुख्यतः पाण्यावर ठरतो. गोड्या पाण्याकाठी वसवलेल्या शहराला सुरुवातीलाच पाच जणांची सोय मिळते, समुद्रकाठी तिघांची, तर पाण्यापासून दूर जेमतेम दोघांची. एकाच माणसाची जागा उरली, की वाढीचा वेग निम्म्यावर येतो. तीही भरली, की पाव. मग कोठार आणि जलवाहिनी बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. भारताच्या बाजूने खेळणाऱ्याला पायऱ्यांची विहीर, म्हणजे आपली बारव, बांधता येते. ती अन्न आणि निवारा दोन्ही वाढवते आणि शेताला लागून असेल तर आणखी एक एकक अन्न देते. पाणी आणि वस्ती यांचे नाते इतक्या नेमकेपणाने मांडणारी रचना मला फार मोलाची वाटते.

या हिशेबात एक मोठी उणीवही आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. आपल्याच दोन शहरांमध्ये व्यापारी मार्ग सुरू केला, तर तो सुरू करणाऱ्या शहराला अन्न मिळते, पण दुसऱ्या शहराचा दाणाही कमी होत नाही. प्राचीन रोम इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या धान्यावर जगत होते आणि ते धान्य तिथल्या शेतकऱ्यांच्या खळ्यातून उचलले जात होते. शहर मोठे होताना कोणाच्या वाट्याचे अन्न तिकडे वळते, या प्रश्नाला खेळाने बगल दिली आहे.

यापुढे अशा खेळांची परीक्षणे छापताना चित्रांची झळाळी आणि युद्धाची दृश्ये यांबरोबरच त्यांतील अन्न, पाणी आणि वस्तीचे नियमही तपासले जावेत आणि त्यासाठी भूगोलाच्या एखाद्या शिक्षकालाही लिहिते करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा