डोहातला गाळ आणि काठावरची झाडं

डब्यूक, आयोवा
फेब्रुवारी

प्रिय बापू,

तुझा निरोप वाचला आणि आपला डोह डोळ्यांपुढं आला. जिथं आपण पोहायला शिकलो तिथं आता गुडघाभर पाणी राहिलंय हे वाचून पोटात कालवलं. ग्रामसभेत गाळ काढायचं ठरतंय, फार बरं झालं. पण जेसीबी पाण्यात उतरायच्या आत माझं पत्र पोचावं म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

इथं मिसिसिपीच्या काठी हेच काम मी काही वर्षं जवळून बघतोय आणि सुट्टीला जाऊन हातही लावतोय. आपण धरणाच्या फुगवट्याला बॅकवॉटर म्हणतो. इथं मुख्य प्रवाहाच्या बाजूला, बेटांच्या आड जे संथ पाणी असतं, त्याला म्हणतात. १९३०च्या दशकात मालाच्या बोटींना कायम नऊ फूट खोल पाणी मिळावं म्हणून नदीवर बंधाऱ्यांची साखळीच बांधली. पाणी चढलं आणि जंगलं, कुरणं बुडाली. उरलेली बेटं लाटांनी झिजली. पूर्वी उन्हाळ्यात नदी उतरायची, तळ उघडा पडून कडक व्हायचा. तेही बंद झालं. त्यात वरच्या डोंगरउतारांवर उभी नांगरट करून शेतातली माती वाहून आली ती आलीच. आपल्या डोहाचं दुखणं असंच आहे बघ. गाळ पाण्यात दिसतो, पण तो निघतो शेतातून.

मागच्या महिन्यात पाण्याची मोजणी करायला बर्फावर गेलो होतो. गिरमिटानं फूटभर बर्फ भेदला आणि भोकातून मोजायची तार खाली सोडली. बर्फाला लागून पाणी जवळजवळ शून्य अंश. जसजशी तार खाली गेली तसा आकडा चढत गेला, तळाशी साडेतीनच्या वर. पाणी चार अंशाला सगळ्यांत जड असतं, त्यामुळं ऊब तळाशी बसते. शाळेत हे पाठ केलं होतं, पण तो आकडा डोळ्यांसमोर सरकताना पाहिला तेव्हा कुठं नीट उमगलं. ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा मासा याच उबेवर हिवाळा काढतो. थंडीत त्याच्या अंगात त्राण नसतं, प्रवाहाशी झगडता येत नाही. त्याला खोल, संथ आणि प्राणवायू असलेलं पाणी लागतं, आणि तिन्ही एकाच जागी लागतं. डबकं उथळ झालं की बर्फाखाली पाणीच कमी उरतं. वर हिम साचून उजेड तुटतो, कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू खातो आणि मासे गुदमरतात. ताजं पाणी यावं म्हणून वरचं तोंड जास्त उघडलं तर गार प्रवाह शिरतो, तेही मारकच.

म्हणून नुसतं खोल करून भागत नाही. इथून खाली बेलव्ह्यू गावापलीकडं ब्राउन्स लेक आहे. तिथं गाळ तर काढलाच, शिवाय प्राणवायू असलेलं पाणी लागेल तेवढंच आत घेता यावं म्हणून झडपेचं दार बसवलं. आमच्या जवळच्या पट्ट्यात सहा-आठ फूट खोलीचे चर खणलेत. सगळं पाणी नाही, फक्त चर. बाकीचं उथळ मुद्दाम ठेवलंय, कारण मासे अंडी तिथंच घालतात. हे सारं अमेरिकेच्या संसदेनं १९८६ साली मंजूर केलेल्या एका योजनेतून चाललंय. म्हणजे एका पावसाळ्याचं काम नव्हे हे.

आता मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट. काढलेला गाळ ट्रकनं लांब नेऊन टाकत नाहीत. सखल काठावर पसरून जमीन दोनचार फूट उचलतात आणि त्यावर ओक, हिकरी, पिकान लावतात. पुराचं पाणी या झाडांना चालतं, पण महिनोन्महिने मुळं बुडालेली चालत नाहीत. २०१९ आठवतं ना? ऑगस्टमध्ये सांगलीत घराघरांत कृष्णा शिरली. त्याच वर्षी इथली मिसिसिपीही वसंतापासून कितीतरी आठवडे काठ सोडून होती. सखल जागेतली पुष्कळ झाडं त्यानंतर वाळली. उजेड खाली पडताच रीड कॅनरी नावाचं गवत असं माजतं की ओकचं रोप वर डोकंच काढू शकत नाही. मी स्वतः लावलेल्या एका रांगेतली निम्मी रोपं त्या गवतात गेली, काहींची साल हिवाळ्यात उंदरांनी कुरतडली. आता मोठ्या कुंडीत वाढवलेली, भरगच्च मुळांची रोपं लावतो, भोवती जाळी बसवतो आणि दोनतीन वर्षं गवत काढत राहतो. जगलेल्या रोपांतलं एक आता माझ्या खांद्याला लागतंय.

आपल्याकडं हिवाळा नाही, उन्हाळा मारतो. एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, आटतं आणि प्राणवायू घसरतो. मरळ वर येऊन हवा घेते म्हणून तग धरते. बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून डोह सरसकट खरवडू नका. मधे एक खोल पट्टा घ्या, काठ उताराचे ठेवा. गाळ शेतकऱ्यांना द्याच, सोनं आहे ते. पण थोडा काठावर ठेवा, पुराची वाट अडणार नाही असा बेतानं पसरून, आणि तिथं उंबर, करंज, जांभूळ लावा. अगदी पाण्याला लागून वाळुंज. भराव करून प्लॉट पाडायचं कुणी सुचवलं तर मात्र बापू, तू उभा राहा. ती जागा नदीची आहे, ती परत मागायला येते, हे आपण २००५लाही बघितलंय.

एक काम सांगतो. मे महिन्यात एका लांब बांबूवर फुटाच्या खुणा कर आणि डोहात दहा ठिकाणी बुडवून पाहा. वर किती पाणी आणि खाली किती मऊ गाळ, दोन्ही लिहून ठेव. जाळी टाकणाऱ्या म्हाताऱ्या भोईकाकांना सोबत घे. कडक उन्हात मासा कुठं दडतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. खणायची जागा त्यांनीच दाखवावी. आकडे आले की मला पाठव, आपण मिळून नकाशा काढू. डिसेंबरात येतोय, तोवर रोपं तयार ठेव.

काकींना नमस्कार.

तुझाच,
आबा