गुडघ्याचे वंगण आणि अर्धेच सांगणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हायलुरोनिक ॲसिडविषयी आलेला लेख वाचला. सांध्यांना वंगण आणि त्वचेला टवटवी देणारा पदार्थ, एवढी ओळख करून देऊन लेख थांबला. त्यातले काही खोटे नव्हते. पण तो जिथे थांबला तिथून पुढचे वाचकाच्या खिशाशी आणि गुडघ्याशी अधिक संबंधित आहे, म्हणून हे पत्र.

हा पदार्थ आपल्याच शरीरातला आहे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तो गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळा केला, आणि काचेला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात तो सुमारे १५ ग्रॅम असतो. त्यातला जवळपास निम्मा त्वचेत. एकूण साठ्यातला सुमारे एक तृतीयांश भाग रोज मोडतो आणि तितकाच नव्याने तयार होतो. ‘रोज’ हा शब्द लेखात कुठेच नव्हता, आणि खरी मेख तिथेच आहे.

माझी आई ६८ वर्षांची. उभा जन्म यावल तालुक्यात उकिडवे बसून निंदणी करण्यात आणि वाकून कापूस वेचण्यात गेला. आमच्या भागात अशा बाईकडे बघून ‘गुडघानं तेल सरी गयं’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून जवळपास तेच सांगितले: गादी झिजली आहे, वंगण आटले आहे, तीन इंजेक्शनांत भरून काढू. इंजेक्शने याच हायलुरोनिक ॲसिडची होती. १८ हजार रुपये लागले. तीन आठवडे आई खरोखर बरी चालली. दोन महिन्यांनी मात्र पहाटे खाटेवरून उठताना पुन्हा दाराची चौकट धरू लागली.

डॉक्टरांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तक्रार ‘वंगण भरणे’ या शब्दांविषयी आहे, कारण ते ऐकले की मोटारीच्या पंपात ऑइल टाकल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. सांध्याच्या आतले अस्तर हा पदार्थ सतत बनवत असते. संथ हालचालीत तो दाट द्रवासारखा सरकू देतो आणि अचानक धक्का बसला की रबरासारखा तो झेलतो. संधिवातात त्याच्या लांबलचक साखळ्या तुटून आखूड होतात, शिवाय सूज आल्याने द्रव पातळ होतो. बाहेरून घातलेला पदार्थही शरीर वाहून नेतेच. साधा असेल तर लवकर, साखळ्या एकमेकींत गुंतवलेला असेल तर काहीसा उशिरा. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, त्याने पुन्हा उगवत नाही.

मग उपयोग किती? २०२२ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १६९ चाचण्यांचा आणि एकवीस हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, इंजेक्शनाशी तुलना केलेल्या मोठ्या चाचण्यांत वेदनेचा फरक वेदना मोजण्याच्या १०० मिलिमीटरच्या पट्टीवर सुमारे दोन मिलिमीटर निघाला, आणि गंभीर दुष्परिणाम मात्र खऱ्या इंजेक्शनाच्या गटात अधिक दिसले. शाळेची फूटपट्टी घेऊन दोन मिलिमीटर बोटाने मोजून पाहावेत. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांची संघटना गुडघ्यासाठी हे इंजेक्शन सरसकट वापरू नये असे सांगते. काही रुग्णांना बरे वाटते हे आम्हीही अनुभवले. पण त्यातला वाटा औषधाचा किती आणि सुईवरच्या विश्वासाचा किती, हे एका घरात बसून ठरत नाही.

त्वचेच्या बाबतीत बोलणे थोडक्यात आटोपते. मोठ्या रेणूंचे सिरम त्वचेत खोल जात नाही. वरच्या थरात पाणी धरून ठेवते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडीठाक असते, तेव्हा ते ओलसर चेहऱ्यावर लावून वरून व्हॅसलिन किंवा साधे क्रीम लावले तरच पाणी टिकते. नुसत्या व्हॅसलिननेही बरेचसे काम भागते, हे जाहिरातीत येणार नाही. सुरकुत्या भरणारी इंजेक्शने हा मात्र वेगळा विषय आहे: रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, तरी ती ब्युटी पार्लरमध्ये टोचली जातात.

या पदार्थावर माझा राग आहे असे नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातली नाजूक जागा फुगवून धरायला तो वापरतात आणि तिथे त्याची योग्यता वादातीत आहे.

आईला आता फिजिओथेरपिस्टने खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्याचा व्यायाम दिला आहे. जमिनीऐवजी स्टुलावर बसून ती भाजी निवडते. वजन चार किलो उतरले. एक किलो उतरले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. या सगळ्याला १८ हजार लागले नाहीत, मात्र महिने लागले.

तेव्हा विनंती दोन गोष्टींची. पुढच्या वेळी अशा विषयावर लेख आला आणि त्यामागे एखाद्या कंपनीचा खर्च असेल, तर तसे ठळक छापावे. आणि दवाखान्यांनी सुई टोचण्याआधी औषधाचे नाव, डोसांची संख्या, पूर्ण खर्च व अपेक्षित फायदा मराठीत एका कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यावा, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा.

आपला नम्र,
एक वाचक
यावल तालुका, जि. जळगाव